वेळापत्रकाच्या गणिताचा जनक : देनेश कोनिग

शाळेचं वेळापत्रक हल्ली बऱ्याच ठिकाणी संगणक बसवतो. शिक्षक, वर्ग आणि तास यांची माहिती भरली की तक्ता तयार! पण या कामामागचं मूळ गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. ते मांडलं हंगेरीचे गणितज्ञ देनेश कोनिग यांनी. १९ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन.

कोनिग यांचा जन्म २१ सप्टेंबर १८८४ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील ग्युला कोनिग हेही नावाजलेले गणितज्ञ, त्यामुळे गणिताचं बाळकडू घरातच मिळालं. १९०२ मध्ये शालेय गणित स्पर्धेत ते पहिले आले. त्याच वर्षी गणितातल्या गमतीजमतींवर त्यांचं पुस्तकही निघालं. पुढं जर्मनीत गॉटिंगनला शिकताना मिन्कोव्स्की यांच्या व्याख्यानांत नकाशा रंगवण्याचा प्रश्न कानावर पडला. शेजारचे दोन प्रदेश एकाच रंगाचे येऊ नयेत, तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात का? या प्रश्नानं त्यांना आलेख सिद्धांताची गोडी लावली. १९०७ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते बुडापेस्टच्या तंत्र विद्यापीठात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तिथंच शिकवत राहिले.

आलेख म्हणजे बिंदू आणि ते जोडणाऱ्या रेषा. एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला वर्ग मांडा. शिक्षकाला त्या वर्गावर जेवढे तास घ्यायचे तेवढ्या रेषा काढा. आता प्रत्येक रेषेला रंग द्या. रंग म्हणजे वेळ: पहिला तास, दुसरा तास असं. एका बिंदूवर एकाच रंगाच्या दोन रेषा चालणार नाहीत, कारण एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांवर जाऊ शकत नाही आणि एका वर्गावर दोन शिक्षक येऊ शकत नाहीत. मग रंग किती लागतील? कोनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलं, की ज्या शिक्षकाला किंवा वर्गाला सर्वांत जास्त तास आहेत, तेवढेच रंग पुरतात. एकही जादा लागत नाही.

संगणकाला हे शिकवणंही सोपं आहे. समजा, शिक्षकाचा तिसरा तास मोकळा आहे आणि वर्गाचा पाचवा, पण दोघांना मिळून एकही तास मोकळा नाही. अशा वेळी वर्गापासून निघायचं आणि तिसरा-पाचवा, तिसरा-पाचवा अशी साखळी धरून पुढं जायचं. साखळी संपली की तिच्यावरच्या तासांची अदलाबदल करायची. ही साखळी शिक्षकांकडं दरवेळी तिसऱ्या तासानंच पोचते. आपल्या शिक्षकाचा तर तिसराच मोकळा आहे, म्हणून ती त्याच्यापर्यंत येतच नाही. अदलाबदलीनंतर वर्गाचाही तिसरा तास मोकळा होतो आणि अडलेलं काम मार्गी लागतं.

दोन बाजू नसल्या की मात्र हा नियम मोडतो. तीन संघांनी एकमेकांशी खेळायचं ठरवलं, तर प्रत्येकाचे सामने दोनच, पण दिवस तीन लागतात. किती रंग लागतील, हे अशा आलेखांबाबत ठरवणं आजही संगणकाला जड जातं.

१९३६ मध्ये कोनिग यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. आलेख सिद्धांतावरचं हे जगातलं पहिलं पाठ्यपुस्तक मानलं जातं. पॉल एर्दोश आणि तिबोर गलाई यांच्यासारखे गणितज्ञ त्यांच्या वर्गातून घडले.

पण काळ वाईट होता. कोनिग कुटुंब मूळचं ज्यू. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. छळ होत असलेल्या गणितज्ञांना कोनिग यांनी जमेल तशी मदत केली. १५ ऑक्टोबरला नाझींच्या पाठिंब्यावर अ‍ॅरो क्रॉस पक्षानं सत्ता बळकावली. चारच दिवसांनी, छळाच्या हाती सापडण्याआधी, साठ वर्षांच्या कोनिग यांनी स्वतःचं जीवन संपवलं.

त्यांचं काम मात्र थांबलं नाही. कमीत कमी खर्चात कोणतं काम कोणाला द्यायचं, याची रीत अमेरिकेच्या हॅरोल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली. ती कोनिग आणि एगेरव्हारी या दोघा हंगेरियनांच्या कामावर उभी होती. म्हणून कून यांनी तिला नाव दिलं हंगेरियन पद्धत. वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी आजही ती याच नावानं शिकतात.