पुलंना गाठणारा पार्किन्सन्स फक्त हात थरथरण्याचा आजार नाही

१२ जून १९४६. रत्नागिरीत ठाकूरांच्या घरी गाजावाजा न करता एक नोंदणी लग्न झालं. नवरदेव होते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजे आपले पुलं. नवरी होती सुनीता ठाकूर.

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. पुढे ते लेखक, नट, संगीतकार, दिग्दर्शक असं सगळंच झाले. 'बटाट्याची चाळ'मध्ये तर एकटा माणूस स्टेजवर अख्खी चाळ उभी करायचा. सासुरवाडीच्या रत्नागिरीतून त्यांचा अंतू बर्वा आला. केळशीपासून राजापूरपर्यंत प्रत्येक गावाला तो आपल्याच आळीतला वाटला. तो ज्या पुस्तकात आहे, त्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पण उतारवयात याच माणसाला पार्किन्सन्सने गाठलं.

या आजारात नेमकं काय होतं?

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने हा आजार नोंदवला, तेव्हा त्याला वाटलं होतं की यात बुद्धीला धक्का लागत नाही. पुढे कळलं, की बऱ्याच रुग्णांचा विचार करण्याचा वेग आणि स्मरणशक्तीही कमी होते. काहींना स्मृतिभ्रंश होतो, काहींची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते.

मग हा फरक का पडतो?

वय, आनुवंशिकता, मेंदूत आजार किती पसरलाय, अशी बरीच कारणं आहेत. त्यातच आता एपिजेनेटिक्सचा शोध घेतला जातोय. डीएनए हे पुस्तक मानलं, तर त्यातली अक्षरं न बदलता कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटायचं, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा म्हणजे एपिजेनेटिक्स. वाढतं वय, कीटकनाशकं, व्यायाम यांनी या खुणा बदलू शकतात. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन मेंदूत साचतं. त्याच्या जनुकावरच्या खुणा काही अभ्यासांत बदललेल्या दिसल्या, काहींत नाही. त्यामुळे यावरून बुद्धीचं भविष्य सांगणारी खात्रीची टेस्ट अजून नाही, औषधही नाही.

म्हणूनच घरच्यांचं लक्ष महत्त्वाचं. केळशी असो की पुणे, पार्किन्सन्स असलेले आजोबा औषधाची वेळ विसरू लागले, पैशांचा हिशेब चुकू लागला, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रागावूही नका. डॉक्टरांना सांगा. कधीकधी औषधांमुळेही गोंधळ होतो आणि तो सुधारता येतो.

पुलंचं निधन पुण्यात झालं. सुनीताबाईंची साथ शेवटपर्यंत होती. तो दिवस होता १२ जून २०००. त्यांच्या लग्नाला त्या दिवशी बरोबर ५४ वर्षं झाली होती.