मुद्रेवरचा ‘पशुपती’ कोणी ओळखला? जॉन मार्शल यांच्या एका तर्काची गोष्ट

जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची चौकोनी दगडी मुद्रा. त्यावर शिंगांचं शिरोभूषण घालून बसलेली आकृती आणि भोवती हत्ती, वाघ, गेंडा, रेडा. इतिहासाच्या पुस्तकांत ही ‘पशुपती मुद्रा’ म्हणून भेटते. पण हे नाव मुद्रेवरचा मजकूर वाचून दिलेलं नाही. त्यामागे जॉन मार्शल यांचा तर्क आहे.

मार्शल यांचा जन्म १८७६ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरला झाला. केंब्रिजमध्ये शिकून आणि ग्रीक पुरातत्त्वाचा अनुभव घेऊन ते १९०२ मध्ये भारतात आले, ते थेट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

पुढे दयाराम साहनी यांनी हडप्पा इथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो इथे उत्खनन केलं. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या या दोन ठिकाणी सारख्याच मुद्रा सापडल्या. सप्टेंबर १९२४ मध्ये मार्शल यांनी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधून या विस्मृतीत गेलेल्या संस्कृतीची माहिती जगाला दिली.

‘पशुपती’ची मुद्रा त्यानंतरची. अर्नेस्ट मॅके यांच्या मोहेंजोदडोतल्या उत्खननात ती मिळाली. १९३१ च्या ग्रंथात मार्शल यांनी तिच्यात शिवाचं आद्यरूप पाहिलं. कारणं अशी: आकृतीला तीन तोंडं दिसतात, बैठक योग्यासारखी आहे, भोवती प्राणी आहेत आणि शिंगांचा आकार त्रिशुळाची आठवण करून देतो.

तर्क आकर्षक होता, पण त्यात एक अडचण होती. मार्शल हजारो वर्षांनंतरच्या श्रद्धेच्या आधारे जुनं चित्र वाचत होते. १९७० च्या दशकात डोरिस श्रीनिवासन यांनी नेमका त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते चेहरा माणसापेक्षा रेड्या-बैलाच्या जवळ जाणारा आहे. शिवाय वेदांमधला पशुपती पाळीव जनावरांचा स्वामी, तर मुद्रेवर वाघ-गेंड्यासारखे वन्य प्राणी. इतर काही अभ्यासकांना मात्र मार्शल यांचं म्हणणं आजही पटतं.

हा वाद केवळ एका चित्राचा नाही. हिंदू धर्माची मुळं सिंधू संस्कृतीपर्यंत जातात का, या प्रश्नात ही मुद्रा नेहमी पुरावा म्हणून पुढे केली जाते.

मार्शल यांचं १९५८ मध्ये निधन झालं. मुद्रा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आकृतीच्या डोक्यावर कोरलेली अक्षरं अजून सर्वमान्यपणे वाचता आलेली नाहीत. तोवर ‘पशुपती’ हे नाव म्हणजे मार्शल यांनी सुचवलेलं एक उत्तर आहे, अंतिम निकाल नव्हे.