बिनडिग्रीचा डॉक्टर

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये टिन स्मिथीचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. पत्रा आखायचा, कापायचा, कडा दुमडायच्या, सोल्डर मारायचं आणि वाकडातिकडा का होईना, एक ट्रे सरांपुढे नेऊन ठेवायचा. माझ्या ट्रेमध्ये पाणी ओतलं असतं तर चारही कोपऱ्यांतून बाहेर आलं असतं! त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं, की पत्र्याचंच काम करणाऱ्या घरातल्या एका मुलाने पुढे जगातली एक सर्वांत वेगवान रेसिंग कार डिझाइन केली, आणि तीही इंजिनिअरिंगची डिग्री नसताना, तर मी ते हसण्यावारी नेलं असतं.

त्या मुलाचं नाव फर्डिनांड पोर्शे. हॉस्टेलच्या भिंतीवरच्या पोस्टरमुळे हे आडनाव आपल्याला पाठ असतं, पण त्यामागचा माणूस मात्र ठाऊक नसतो. मलाही नव्हता. ‘जर्मन रेसिंग कार’ या विषयावर सेमिनार घ्यावा म्हणून वाचायला बसलो आणि गाडी बाजूलाच राहिली, या माणसातच अडकलो.

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गाव माफर्सडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पत्रेकामातले उस्ताद कारागीर. मुलाने हाच धंदा पुढे चालवावा ही त्यांची साधी अपेक्षा. पण मुलाला वेड लागलं विजेचं. गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे होते. ते पाहून पठ्ठ्याने खटपट करून स्वतःच्या घरीही वीज आणली. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम आणि संध्याकाळी जवळच्या रायखेनबर्गच्या तांत्रिक शाळेत वर्ग, असा त्याचा दिनक्रम होता.

१८९३ मध्ये तो व्हिएन्नाला एका विजेच्या कंपनीत नोकरीला लागला. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत त्याला प्रवेश नव्हता, पण काम संपलं की हा गुपचूप जाऊन लेक्चरला बसायचा. आपण लेक्चर बुडवायला मागच्या दाराने बाहेर पडतो, आणि हा लेक्चर ऐकायला चोरून आत शिरत होता! त्याचं कॉलेजशिक्षण म्हणाल तर एवढंच.

पुढे तो लोनर या बग्ग्या बनवणाऱ्या कंपनीत गेला आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची विजेवर चालणारी गाडी मांडली गेली. तिची मोटर थेट चाकाच्या हबमध्ये बसवलेली होती. म्हणजे गिअरबॉक्स नाही, चेन नाही, शाफ्टही नाही. पॉवर जिथे हवी तिथेच तयार करायची! अडचण होती ती शिशाच्या बॅटऱ्यांच्या वजनाची. त्यावरही त्याने तोड काढली. गाडीत पेट्रोल इंजिन बसवायचं, पण त्याने चाकं फिरवायची नाहीत, डायनॅमो फिरवायचा आणि ती वीज चाकांतल्या मोटरला द्यायची. आज आपण ज्याला सिरीज हायब्रिड म्हणतो ते हेच. तेव्हा पोर्शे पंचविशीत होता.

१९०६ पासून तो ऑस्ट्रो-डायमलर कंपनीत होता. १९१० च्या प्रिन्स हाइनरिश स्पर्धेत त्याने आपण डिझाइन केलेली गाडी स्वतः चालवली आणि जिंकला. १९२३ मध्ये तो स्टुटगार्टला डायमलर कंपनीत आला. पुढच्याच वर्षी त्याच्या हाताखाली तयार झालेल्या सुपरचार्जरवाल्या मर्सिडीजने सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत जिंकली आणि स्टुटगार्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्याच्या कंपनीच्या अधिकृत नावात पुढे जी ‘डॉक्टर इंजिनिअर’ ही अक्षरं आली ती या पदवीमुळे. बॅचलरची डिग्री नसलेला माणूस एकदम डॉक्टर!

पण स्वभाव तापट. हिशेब बघणाऱ्या डायरेक्टर मंडळींशी त्याचं कधी जमलंच नाही. एकामागून एक नोकऱ्या सुटल्या आणि १९३१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ऐन मंदीत त्याने स्टुटगार्टमध्ये स्वतःचं डिझाइन ऑफिस थाटलं. त्याच वर्षी टॉर्शन बार सस्पेन्शनच्या पेटंटसाठी अर्ज केला. लीफ स्प्रिंगच्या जाडजूड पट्ट्यांऐवजी एक पोलादी दांडा, जो पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स’मध्ये आपण ज्या टॉर्शनच्या समीकरणाला घाबरतो, त्यावर या माणसाने ऑफिस चालवलं. या ऑफिसात त्याचा एक भागीदार होता, अडोल्फ रोझेनबर्गर. रेसिंग ड्रायव्हर, व्यवहार बघणारा आणि पैसा उभा करणारा. हे नाव लक्षात ठेवा.

१९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ पासूनच्या ग्रां प्री शर्यतींसाठी नवा नियम जाहीर केला. ड्रायव्हर, इंधन, तेल, पाणी आणि टायर सोडून गाडीचं वजन ७५० किलोपेक्षा जास्त नको. हेतू असा, की हलक्या गाडीत मोठं इंजिन मावणार नाही आणि वेग आपोआप आटोक्यात राहील. पोर्शेने हाच नियम उलटा वाचला. वजन बांधलेलं आहे, पण इंजिनाच्या आकारावर बंधन कुठे आहे?

ऑर्डर कोणाची नव्हती, तरी त्याने ड्रॉइंग सुरू केलं. सोळा सिलिंडरचं व्ही इंजिन, आणि तेही ड्रायव्हरच्या मागे! ही कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. १९२१ मध्ये एडमंड रुम्प्लर या विमानं बनवणाऱ्या माणसाने पाण्याच्या थेंबाच्या आकाराची, मागे इंजिन असलेली मोटार बनवली होती. त्यावरून बेन्झ कंपनीने १९२३ मध्ये रेसिंग कार केली, आणि ती चालवणाऱ्यांत हाच रोझेनबर्गर होता. विमानाच्या कारखान्यातून निघालेली कल्पना अशी फिरत फिरत पोर्शेच्या ड्रॉइंग बोर्डवर आली.

इंजिन मागे घेतल्याचे फायदे बघा. ड्रायव्हरच्या सीटखालून जाणारा प्रोपेलर शाफ्टच गेला, त्यामुळे सीट खाली घेता आली. वजन मागच्या चाकांवर, म्हणजे पकड चांगली. इंधनाची टाकी ड्रायव्हर आणि इंजिनाच्या मध्ये, गाडीच्या पोटात, म्हणजे टाकी भरलेली असो वा रिकामी, वजनाचा तोल फारसा ढळत नाही. इंजिनातल्या बत्तीस व्हॉल्व्हसाठी कॅमशाफ्ट फक्त एक. वजन वाचवायला सुरुवातीला चॅसीच्या नळ्यांतूनच रेडिएटरचं पाणी खेळवलं होतं. (ते गळायला लागलं, तेव्हा सोडून द्यावं लागलं. माझ्या ट्रेची आठवण झाली!)

ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वांडरर या चार कंपन्यांच्या ऑटो युनियनने हे डिझाइन घेतलं. आजच्या ऑडीवरची चार वर्तुळं म्हणजे याच चार कंपन्या. १९३४ च्या गाडीचं इंजिन ४.४ लीटरचं आणि २९५ हॉर्सपॉवरचं होतं. १९३६ पर्यंत ते ६ लीटर आणि ५२० हॉर्सपॉवरवर गेलं, वजनाचा नियम मात्र तोच! मार्च १९३४ मध्ये बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर हान्स श्टुकने तासाभरात २१७ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला.

पण गाडी चालवायला महाकठीण. मागचा स्विंग अॅक्सल वळणावर चाकाचा कोन बदलायचा आणि शेपूट बाहेर फेकलं जायचं. ड्रायव्हर इतका पुढे बसलेला, की मागे काय चाललंय ते त्याला उशिरा कळायचं. भल्याभल्यांना ती जमली नाही. जमली ती बेर्न्ड रोझेमायरला. तो मोटरसायकलवरून थेट या गाडीत आला होता. पुढे इंजिन असलेल्या रेसिंग कारची सवयच नव्हती, मग मोडायची कुठली? १९३६ मध्ये तो युरोपचा चॅम्पियन झाला. २८ जानेवारी १९३८ ला ऑटोबानवर वेगाचा विक्रम करताना गाडी उलटून तो गेला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मी पोर्शेचा भक्त झालो होतो. मग पैसा कुठून आला ते वाचलं.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. पोर्शेने त्याला स्वतः भेटून हा प्रकल्प पटवला आणि सरकारी मदत मर्सिडीजबरोबर ऑटो युनियनलाही मिळाली. जर्मन गाड्यांचा विजय हा त्या राजवटीचा प्रचार होता. रोझेनबर्गर ज्यू होता. १९३५ मध्ये ऑफिसातला त्याचा हिस्सा त्याच्याकडून मूळ दर्शनी किमतीला काढून घेण्यात आला. त्याच वर्षी त्याला अटक होऊन छळछावणीत डांबलं गेलं. सुटल्यावर तो देश सोडून गेला आणि अमेरिकेत नाव बदलून राहिला. ज्याची कल्पना विमानातून मोटारीत आली तो रुम्प्लरही ज्यूच. त्याचंही करिअर त्या राजवटीने संपवलं.

पोर्शे मात्र वर चढत गेला. १९३४ मध्ये सरकारसाठी ‘लोकांची गाडी’ बनवण्याचा करार झाला, जी पुढे बीटल म्हणून जगभर गेली. १९३७ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला. युद्धात फोक्सवागेनच्या कारखान्यात सुमारे २०,००० माणसांना सक्तीने राबवलं गेलं, त्यांत छळछावण्यांतले कैदीही होते, आणि कारखान्याच्या प्रमुखांत पोर्शे होता. १९०० च्या सुमाराची ती सुंदर कल्पना, इंजिनाने डायनॅमो आणि डायनॅमोने मोटर, त्याने रणगाड्यांत वापरली. त्यावर बेतलेल्या एका रणगाडाभेदी वाहनाला नावच दिलं होतं ‘फर्डिनांड’.

१९४५ च्या डिसेंबरात फ्रेंचांनी त्याला पकडलं. सुमारे वीस महिने तो तुरुंगात होता. मुलगा फेरी याने इटलीतल्या चिसितालिया कंपनीसाठी रेसिंग कार डिझाइन करून जामिनाचे पैसे उभे केले. त्या गाडीचंही इंजिन ड्रायव्हरच्या मागेच होतं! पुढे फ्रेंच कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. १९४८ मध्ये पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार रस्त्यावर आलेली त्याने पाहिली आणि ३० जानेवारी १९५१ ला तो वारला.

इंजिनाच्या जागेबद्दल तो बरोबर होता. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅमने इंजिन मागे असलेल्या कूपर गाडीतून फॉर्म्युला वनचं विजेतेपद जिंकलं आणि त्यानंतर पुढे इंजिन असलेल्या गाडीने ते कधीच जिंकलेलं नाही.

आता प्रश्न माझा. सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर काय लिहू? डिग्रीवाचून माणूस अडत नाही, हे लिहिलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, आणि ते खोटंही नाही. पण फ्री बॉडी डायग्राम काढताना सर नेहमी बजावतात, एकही फोर्स सोडायचा नाही, नाहीतर उत्तर सुंदर येतं पण चुकतं. पोर्शेने इंजिन कुठे बसवायचं हे जगाच्या पंचवीस वर्षं आधी ओळखलं. त्या इंजिनाचा पैसा कोण देतंय आणि बाजूच्या खुर्चीवरचा माणूस कुठे गेला, हे दोन फोर्स त्याने आपल्या आकृतीत कधी काढले नाहीत. म्हणून शेवटच्या स्लाइडवर मी गाडीचा फोटो ठेवला आणि खाली नावं लिहिली तीन. पोर्शे, रुम्प्लर आणि रोझेनबर्गर.