दुखणाइताने केलेली सेवा

ज्यांची स्तोत्रे जगभरच्या मंडळ्यांत आजही गाइली जातात, ते इंग्रज कवी विल्यम कूपर मनाच्या आजाराने आयुष्यभर पीडित होते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

त्यांचा जन्म १७३१ चा. १७६३ मध्ये उमरावांच्या सभागृहातील एका पदासाठी परीक्षा द्यावी लागणार, या धास्तीने त्यांचे मन ढासळले. ते स्वतःच्याच जिवावर उठले. सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या रुग्णालयात सुमारे दीड वर्ष त्यांची ममतेने शुश्रूषा झाली. तेथेच शास्त्र वाचताना त्यांना ख्रिस्ताच्या क्षमेचा प्रत्यय आला. १७६५ मध्ये ते बाहेर पडले, तेव्हा नातलगांच्या मदतीवर त्यांचा निर्वाह चालत होता. तरीही तेथील एका मद्यपी माणसाच्या लहान मुलाच्या पालनपोषणाचा भार त्यांनी उचलला. स्वतःला मिळालेली ममता त्यांनी अशी परत केली.

१७६७ मध्ये ते ओल्नी गावी राहावयास आले. पाळक जॉन न्यूटन यांच्यासह ते आजाऱ्यांना व गोरगरिबांना भेटू लागले. परंतु १७७३ मध्ये आजार उलटला. देवाने आपल्याला टाकले आहे, ही समजूत त्यांच्या मनात घर करून बसली. मंदिरात जाणेही थांबले.

मग सेवा संपली काय? नाही. १७७४ मध्ये शेजारच्या मुलांना नकोसे झालेले सशाचे पिल्लू त्यांनी घरी आणले. पुढे तीन ससे पाळले, त्यांच्यासाठी लाकडी खुराडी स्वतः बनविली. एक ससा आजारी पडला, तेव्हा या दुखणाइताने त्याची शुश्रूषा केली. ओल्नीत लेस विणणारी कुटुंबे अतिशय दरिद्री होती. १७८२ पासून रॉबर्ट स्मिथ नावाच्या धनिकाने त्यांच्यासाठी पैसे पाठविले. कूपर यांनी दात्याचे नाव गुप्त राखून ते गरजूंपर्यंत पोहोचते केले.

१८०० साली ते वारले. त्यांच्या मनावरचे सावट शेवटपर्यंत सरले नव्हते.

वाचकहो, पूर्ण बरे झाल्यावर सेवा करू, असे आपण म्हणतो. पण पूर्ण बरे होण्याचा दिवस कूपर यांना या जगात लाभलाच नाही. त्यांनी त्याची वाट पाहिली असती, तर ओल्नीच्या किती घरांत त्या हिवाळ्यात चूल थंड राहिली असती! आज आपल्याही अंथरुणाजवळ, आपल्याहून दुःखी असे कोणी असेल. त्याच्यासाठी एवढेसे काही करण्याइतके बळ प्रभू आपणांस देवो.