संत गोन्सालो गार्सिया: कृतज्ञतेचे अर्पण

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत नवे धान्य देवाला अर्पण केल्यावाचून खाऊ नये, अशी आदिवासी बांधवांची पूर्वापार रीत आहे. हे दोन्ही तालुके ज्या वसई धर्मप्रांतात येतात, त्याच भूमीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांनी आपले अवघे जीवनच देवाला अर्पण केले.

सुमारे १५५७ साली वसईत जन्मलेल्या गोन्सालोंना येशूसंघीय धर्मगुरूंकडून शिक्षण लाभले. त्यांच्यासमवेत ते जपानला गेले आणि तेथील भाषा शिकले. पुढे व्यापारात त्यांची भरभराट झाली. परंतु ते वैभव त्यागून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ साली ते दुभाषी म्हणून जपानला परतले. परमेश्वराच्या कृपेने लाभलेली भाषा आता सुवार्तेच्या आणि क्योटोतील कुष्ठरोग्यांच्या सेवेस लागली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह त्यांनी क्रुसावर हौतात्म्य पत्करले. १८६२ साली ते भारतभूमीत जन्मलेले पहिले संत ठरले.

आपणही मिस्साबलिदानात देवाची उपकारस्तुती करतो. ती चर्चच्या दारापाशीच थांबते, की जव्हार-मोखाड्यातील आजारी, उपेक्षित बांधवांपर्यंत पोहोचते, याचे आपण आत्मपरीक्षण करू या.