मूल शांत झालंय, की खचलंय?

साधारण १९५०पर्यंत इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत लहान मुलाला दाखल केलं, की आईवडिलांना घरी पाठवलं जाई. भेट आठवड्यातून एखाद-दोनदा. संसर्गाची भीती हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की पालक भेटून गेले की मुलं रडतात. भेट झालीच नाही तर चार दिवसांत ‘रुळतात’. हे रुळणं नेमकं काय असतं, हे डॉ. जॉन बोल्बी यांनी वैद्यकविश्वाला विचारायला लावलं.

बोल्बी यांचा जन्म १९०७चा, लंडनमधला. वडील नामवंत सर्जन. श्रीमंत घरांच्या रिवाजाप्रमाणे मुलं दाईच्या हाती. आईची भेट दिवसातून थोडा वेळच. ज्या दाईचा त्यांना लळा होता, ती ते चार वर्षांचे असताना काम सोडून गेली. पुढे ते मनोविकारतज्ज्ञ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मुलांचा विभाग त्यांच्याकडे आला.

तिथे जेम्स रॉबर्टसन हे सहकारी वॉर्डावॉर्डांत बसून मुलांकडे पाहत. दोघांना एक क्रम दिसला. मूल आधी आकांत करतं, मग आशा सोडून निपचित होतं आणि शेवटी आई आली तरी तोंड फिरवतं. परिचारिकांना ‘शहाणं’ वाटणारं मूल बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर असे.

१९५२मध्ये रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल असलेल्या अडीच वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. ती फारशी रडत नाही, पण तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत जातो. तो पाहून अनेक डॉक्टर चिडले. बोल्बी मात्र ठाम राहिले. अखेर १९५९मध्ये सरकारी समितीनेच शिफारस केली, की पालकांना हवं तेव्हा भेटू द्यावं आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं. अंमलबजावणीसाठी पालकांना पुढे कित्येक वर्षं झगडावं लागलं.

बोल्बी यांनी सारा भार आईवरच टाकला, ही टीका रास्त होती. वडील, आजी किंवा मुलाला लळा असलेलं कुणीही हा आधार देऊ शकतं, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. बोल्बी १९९०मध्ये गेले. मूळ मुद्दा आजही टिकून आहे.

म्हणूनच मूल रुग्णालयात असताना घरच्या कुणी तरी जवळ राहावं. त्याची नजर चुकवून निघू नये. जाताना सांगून जावं आणि सांगितलेल्या वेळी परतावं. सुई दुखणार असेल, तर दुखेल असंच सांगावं. घरी आल्यावर मूल काही दिवस चिकटून राहिलं, अंथरूण ओलं केलं किंवा रात्री दचकून उठलं, तर तो हट्ट समजून रागावू नये. हे बरेच दिवस चाललं, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. आणि वॉर्डातलं मूल एकाएकी अगदी गप्प झालं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.