विश्लेषण : फास्टर फेणे फुरसुंगीचाच का? भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना त्यांचा गुप्तहेर कसा दिला?

दौंडहून सोलापूर महामार्गाने पुण्याकडे निघाले की हडपसरच्या अलीकडे डाव्या हाताला फुरसुंगी राहते. आज तिथे गोदामे, आयटी कंपन्या आणि गृहसंकुले आहेत. पण कित्येक मराठी वाचकांना हे गाव आधी कळले ते बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणे याच्यामुळे. त्याचे जनक भास्कर रामचंद्र भागवत यांचा हा प्रवास.

भा. रा. भागवत कोण होते?

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरचा. त्यांनी लेखणी जवळजवळ पूर्णपणे मुलांसाठी वापरली. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यादेखील बालसाहित्यिक. १९५०च्या दशकात भागवतांनी ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक चालवले. ते काही वर्षांतच थांबले. मासिक बंद पडले, तरी मुलांसाठी लिहिणे त्यांनी सोडले नाही.

रहस्य आणि प्रवास यांची जोडी कशी जमली?

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या कादंबऱ्या भागवतांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ ही त्यांतली गाजलेली नावे. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’मध्ये तर माणसे धूमकेतूवरच अडकून पडतात. घरापासून दूर, अनोळखी जागी अडकलेला प्रवासी आणि सुटकेसाठी त्याला लढवावी लागणारी युक्ती हा या कथांचा गाभा. हीच कल्पना पुढे फास्टर फेणेच्या कथांतही दिसते. फरक एवढाच, की इथला प्रवासी शाळकरी आहे.

फुरसुंगीच का?

बन्या शिकायला पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो. म्हणजे तो शहरातलाही नाही आणि फार दूरचाही नाही. दौंड-शिरूरकडून पुण्यात वसतिगृहावर राहायला गेलेल्या मुलांना ही अवस्था ठाऊक असते. गावाचे नाव सांगितले की वर्गात आधी हशा पिकतो. भागवतांनी त्याच नावाची गंमत केली. फुरसुंगी, फास्टर आणि फेणे असे तीन ‘फ’ एका ओळीत आणले आणि ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ हे पुस्तकाचेच नाव ठेवले. ज्या गावाच्या नावावर हसू यावे, ते नायकाची ओळख झाले.

त्याच्या रहस्यकथा वेगळ्या कशा?

या गुप्तहेराकडे पिस्तूल नाही, मोटार नाही आणि कुणाचे अधिकारपत्रही नाही. काटकुळे शरीर, वेगवान पाय, सायकल आणि चौकस डोके हेच त्याचे भांडवल. डोक्यात कल्पना चमकली की तोंडून ‘ट्टॉक’ निघते. सोबतीला सुभाष देसाईसारखे मित्र. बन्या कुठे सुटीला गेला की संकट त्याच्या आधीच तिथे पोहोचलेले असते. प्रतापगड, गुलमर्ग, चक्रीवादळ, विमानचोर असे विषय पुस्तकांच्या नावांतच दिसतात. विनोद आणि भीती हातात हात घालून चालतात, त्यामुळे मूल घाबरते, पण पुस्तक खाली ठेवत नाही. राम वाईरकर यांच्या चित्रांनी या पोराला चेहरा दिला. मालिका सुमारे २० पुस्तकांपर्यंत गेली. नंदू नवाथे आणि बिपिन बुकलवार हेही भागवतांचेच नायक. त्यातला बिपिन तर पुस्तकवेडा.

आज भागवतांची आठवण का?

१९८७ मध्ये दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली, त्यात सुमीत राघवन बन्या होता. २७ ऑक्टोबर २००१ रोजी भागवतांचे निधन झाले. बरोबर १६ वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमेय वाघ बनेश झाला, तर दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भागवतांची भूमिका केली. चित्रपटातला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका मृत्यूच्या गूढात गुंततो.

काळ बदलला, परीक्षा बदलली. पण गावाकडून आलेल्या, शहरात कुणी ओळखत नसलेल्या मुलालाही कोडे सोडवता येते, हा भागवतांनी दिलेला भरवसा तोच राहिला. दौंडहून सकाळची गाडी पकडून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलांना आजही तो उपयोगी पडेल.